वरची दोन बोटं माती

मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळा होती, तिथे ते शिपाई होते. शेतकरी कापडी पिशव्यांतून माती आणून टेबलावर ठेवत. वडील त्यांना चिठ्ठ्या बांधत, माती सावलीत वर्तमानपत्रावर वाळवत, लाकडी हातोडीने ढेकळं फोडत आणि चाळणीतून गाळत. तिथून पुढचं काम साहेबांचं. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसे.

सहावीत असताना मी त्यांच्या देखरेखीखाली पहिला नमुना घेतला. आधी खुरप्याने पालापाचोळा आणि वरची दोन बोटं माती खरवडून बाजूला टाकायची. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा. त्या खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एकसारखा काप काढायचा आणि घमेल्यात घ्यायचा. "वरची माती वाऱ्याची असते," ते म्हणाले. "आज इथं, उद्या तिथं. पिकाचं पोट खाली असतं."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी कृषी महाविद्यालयात गेले ती त्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी फॉर्म भरून दिला म्हणून, आणि ऑकलंडला शिकायला आले ती तिथल्या दोन प्राध्यापकांनी शिफारसपत्रं लिहून दिली म्हणून. माझ्यासाठी एवढ्या लोकांनी एवढं केलं, की काही चुकलं तर कुणाकुणाला तोंड दाखवायचं, याची यादी माझ्या मनात कायम तयार असते. ही गोष्ट मी वडिलांना अजून सांगितलेली नाही.

मी ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका लहान कंपनीत काम करते. जुन्या कारखान्यांच्या, गॅरेजांच्या, पेट्रोल पंपांच्या जागेवर नवं काही बांधायचं असेल तर आधी तिथल्या जमिनीत काय मुरलंय ते शोधावं लागतं. आम्ही ते शोधतो. माझ्या वरिष्ठ साठीकडे झुकलेल्या आहेत, उंच आणि मोजकं बोलणाऱ्या. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, पण मनात त्यांना 'बाई' म्हणते, शाळेतल्या बाईंना म्हणायचे तसं.

बाईंनी मला सगळं पहिल्यापासून शिकवलं. प्रत्येक खड्ड्याला हातमोज्यांचा नवा जोड. हाताने फिरवायचा गिरमिट प्रत्येक वेळी ब्रशने घासायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, मग दोनदा स्वच्छ पाण्यात. काचेची बरणी काठोकाठ भरायची, तिच्यावर जागा, खोली, तारीख, वेळ लिहायची आणि ती लगेच बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या चिली बिन नावाच्या पेटीत टाकायची. बरणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की कागदावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मला हे नियम फार आवडायचे. नियम पाळणाऱ्याला कुणी हाकलून देत नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर कारखान्यांच्या जागांवर काम केलं. तिथे वर काँक्रीट असतं किंवा खडी. ती फोडायची, बाजूला करायची आणि खाली जायचं. त्यामुळे साध्या गवताच्या अंगणात माझा हात काय करतो, हे पाहायची वेळ बाईंवर कधी आलीच नाही.

मग वसंतात एक छोटं काम आलं आणि बाई म्हणाल्या, "हे तू एकटीने कर."

माउंट रॉस्किलमधलं जुनं लाकडी घर. मी राहते तिथून चार बस स्टॉप पुढे. घरमालक निवृत्त शिक्षक होते, ऐंशीच्या घरातले, भुरभुर पावसात अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून उभे. तरुणपणी त्यांनी त्या घराचा जुना रंग स्वतः पॉलिशपेपरने घासून काढला होता. "तोंडाला रुमाल बांधून," ते म्हणाले. "सगळीकडे पांढरी धूळ. रंगात शिसं असतं हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार?" आता घरात भाडेकरू होते, त्यांना लहान मूल होतं आणि भाजी लावायची होती. म्हणून घरमालकांनी आपण होऊन माती तपासायला दिली होती. कायद्याने त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. ते चावी खिशात टाकून निघून गेले.

दार भाडेकरणीने उघडलं. कडेवर दीड वर्षाची मुलगी.

"किया ओरा," मी इथला माओरी नमस्कार केला, इंग्रजीत काम सांगितलं आणि ओळखपत्र दाखवलं.

तिने ओळखपत्राकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "मराठी का हो?"

"हो."

"अगंबाई! मग इंग्रजी कशाला झाडताय? या आत, चहा टाकते."

"काम झाल्यावर."

ती नाशिककडची. शिकायला आली होती, इथेच राहिली, आता ईस्ट टामाकीच्या एका गोदामात पाळीने काम करत होती. नवरा पहाटेच कामावर गेला होता. मी घराच्या उत्तरेच्या भिंतीशी गुडघे टेकले तशी ती मागच्या पायरीवर येऊन बसली. उत्तरेची भिंत इथे उन्हाची. भाजी तिथेच लावायची होती.

"काय हो ताई, एवढं शिकून शेवटी हातात खुरपंच?"

"माझे वडील बघतील तर खूश होतील."

"माझी सासू बघेल तर म्हणेल, हे तर मी न शिकताच करत होते."

आम्ही दोघी हसलो. मुलगी तेवढ्यात पायरीवरून उतरली, कुंडीतली माती मुठीत घेतली आणि तोंडात घातली. आईने बोट घालून ती काढली. "थू कर. थू! खाते ओ ही माती. पोटात होती तेव्हा मी खायचे, आता ही."

"यम्म," मुलगी म्हणाली.

"बघा. मराठी कळतं सगळं, पण बोलायला ते एवढंच येतं."

मी आठ ठिकाणी नमुने घेतले. घराच्या चारही भिंतींपासून हातभर अंतरावर आणि अंगणाच्या मध्ये. प्रत्येक ठिकाणी नवे हातमोजे, प्रत्येक वेळी थापी घासून, तीन बादल्यांत धुऊन. प्रत्येक खड्ड्याचा पट्टी शेजारी ठेवून फोटो. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे मला नीट आठवतं. हात काय करत होता ते मात्र आठवत नाही. चालताना पाय कसा उचलला ते आठवतं का आपल्याला?

बरण्या मी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. पुढे तिथे काय होतं ते मला पाठ आहे. माती मंद आचेच्या भट्टीत वाळते, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली जाते, तिच्यातला ग्रॅमभर भाग आम्लांत उकळतात आणि ते पाणी यंत्रात जातं. यंत्र धातू मोजतं. बरोबर एक बरणी अशी जाते जिच्यातलं शिसं आधीच माहीत असतं, म्हणजे यंत्र बरोबर बोलतंय की नाही ते कळतं. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं. मी जी माती दिली तिच्याबद्दल तिने खरंच सांगितलं.

आठही नमुने मर्यादेच्या आत. मी अहवाल लिहिला, बाईंनी सही केली, घरमालकांनी तो त्याच दिवशी भाडेकरणीला पाठवला. तिचा फोन आला.

"ताई, इंग्रजी फार आहे यात. मराठीत सांगा. लावू का भाजी?"

"बिनधास्त लावा," मी म्हणाले.

साडेचार आठवड्यांनी तिने फोटो पाठवला. उत्तरेच्या भिंतीलगत मेथी आणि कोथिंबीर, आणि त्यांच्यामध्ये मातीत फतकल मारून बसलेली मुलगी, हातात चमचा, हनुवटीला चिखल. खाली लिहिलं होतं, 'तुमची कृपा. या एकदा, मेथीचे ठेपले करते.' मी तो फोटो वडिलांना पाठवला.

त्याच आठवड्यात जुन्या कामांचे फोटो फाईलला लावायचं काम माझ्याकडे आलं. त्या घराचे फोटो उघडले. पहिला खड्डा, पट्टी, आकडे स्पष्ट. खड्ड्याच्या डाव्या बाजूला मातीचा एक छोटा ढीग. दुसऱ्या खड्ड्याशीही तसाच. तिसऱ्याशीही. मी विचार करत राहिले की हे ढीग कसले. माती तर सगळी बरणीत गेली होती.

मग मी फोटो मोठा केला. ढिगात पांढरे कण होते. आधी वाटलं अंड्याचं कवच असेल, लोक झाडांना घालतात. अजून मोठा केला. चपटे, कोपरे असलेले, एका बाजूने पांढरे आणि दुसऱ्या बाजूने फिकट हिरवे. रंगाचे पापुद्रे.

आठही ठिकाणी मी वरची दोन बोटं माती खरवडून बाजूला टाकली होती.

पिकासाठी माती तपासताना ते बरोबर आहे. पण भिंतीवरून घासलेली धूळ खाली मुरत नाही. ती पन्नास वर्षांनीही वरच राहते, वरच्या इंच-दीड इंचात. आमच्या कामाच्या पद्धतीत स्पष्ट लिहिलंय की गवत तेवढं बाजूला करा आणि अगदी वरची माती घ्या. ते मी वाचलं होतं. त्यावर परीक्षा दिली होती. म्हणजे जे शोधायला गेले होते तेच मी उचलून बाजूला ठेवलं, खालची स्वच्छ माती बर्फात घालून नेली आणि एका आईला 'बिनधास्त' म्हणाले.

मी आठही फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "यू ऑलराइट?" मी म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे सगळं मस्त, आणि फोटो बंद केले.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय हे सगळं खोटं होईल. मी दोन दिवस कुणालाही काही सांगितलं नाही.

माझा व्हिसा या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली तर थोडे दिवस, मग परत. परत जाऊन काय सांगणार? की मला मातीचा नमुना घेता येत नाही म्हणून काढलं? आमच्या गावात माझ्या सत्काराला शाळेने फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं. मी मनात हिशेब मांडत बसले: कदाचित ते पापुद्रे शिशाच्या रंगाचे नसतील. कदाचित नंतरच्या रंगाचे असतील. कदाचित त्यांनी भाजी लावताना माती उलटीपालटी केली असेल, म्हणजे मिसळून कमी झालं असेल. प्रत्येक 'कदाचित'च्या शेवटी ती मुलगी चमचा घेऊन बसलेली दिसे.

कामाला जाताना माझी बस त्या रस्त्यावरूनच जाते. पहिल्या सकाळी मी मान खाली घालून बसले. दुसऱ्या सकाळी पाहिलं. घराच्या बाजूच्या फटीतून अंगणाचा तुकडा दिसला, दोरीवर मुलीचे छोटे पायजमे वाळत होते. गुडघ्यांवर मातीचे डाग. धुऊनही न गेलेले.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत वडिलांचा फोन आला. त्यांना मेथीचा फोटो फार आवडला होता. त्यांनी तो आता निवृत्त झालेल्या साहेबांनाही दाखवला होता.

"तू घेतलेला ना नमुना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"यंत्राने का हाताने?"

"हाताने."

"वरचं खरवडून टाकलंस ना?"

मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"अगं, टाकलंस का नाही?"

"टाकलं, बाबा."

"शाबास," ते म्हणाले. "तिकडं जाऊन विसरली नाहीस." मग त्यांनी बाजूला आईला सांगितलेलं मला ऐकू आलं, "विसरली नाही म्हणते."

फोन ठेवल्यावर मी पेनरोजच्या त्या रस्त्यावर, ट्रक जात असताना, एका डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, बाहेर उभी राहिले. आत जाऊन पाण्याची बाटली घेतली आणि ती उघडायची विसरले. वडिलांनी मला चुकीचं काहीच शिकवलं नव्हतं. पण हे त्यांना समजावून सांगायला गेले असते तर त्यांनी एवढंच ऐकलं असतं, की आपण शिकवलेल्या गोष्टीने एका लेकराच्या अंगात विष गेलं. ते मला जमणार नव्हतं. बाईंना सांगणं त्यामानाने सोपं होतं. मी सरळ त्यांच्या टेबलाशी गेले.

मी फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले. एक, दोन, तीन. मी माफी मागायला लागले तसा त्यांनी हात वर केला.

"घरात मूल आहे ना?"

"दीड वर्षाचं. माती खातं."

"हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "परवा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "फोटो मीही पाहायला हवे होते. ते आपण नंतर बोलू. परवाचंही नंतर बोलू." कपाटातून त्यांनी क्ष-किरणांचं यंत्र काढलं. ते हातात धरायच्या ड्रिलसारखं दिसतं, मातीला टेकवलं की मिनिटभरात धातूचा अंदाजे आकडा दाखवतं. मग गाडीची किल्ली घेतली. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी घरमालकांना फोन लावला, आणि मग मला म्हणाल्या, "तिला तू सांग. तुमच्या भाषेत. मी मध्ये बोलणार नाही."

वीस मिनिटांचा रस्ता. प्रत्येक सिग्नल लाल लागावा असं मला वाटत होतं.

तिने दार उघडलं आणि चेहरा फुलला. "अगंबाई, खरंच आलात! थांबा, मेथी खुडतेय, पाचच मिनिटं—" मग तिने बाईंना पाहिलं, त्यांच्या हातातलं यंत्र पाहिलं.

"मेथी नका खाऊ," मी म्हणाले.

"का?"

मी सांगितलं. उभ्याउभ्याच, दारात. मी नमुना चुकीचा घेतला. वरची माती टाकली. त्या मातीत बहुतेक जुन्या रंगाचं शिसं आहे. मुलीला अंगणात सोडू नका, हात धुवा, चपला बाहेर काढा, आणि डॉक्टरांकडे जाऊन तिचं रक्त तपासून घ्या. मी सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं कारण मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

ती ऐकत होती. "शिसं म्हणजे? काय होतं त्याने?"

"लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. किती आहे त्यावर आहे."

"पण तुम्ही म्हणालात बिनधास्त."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. फोन करून विचारलं होतं."

"हो."

"मी तिला मुद्दाम सोडत होते मातीत!" तिचा आवाज चढला. "शेजारीण म्हणाली, कशाला सोडतेस, तर मी म्हटलं, आपली ताई आहे, तपासून दिलंय तिने. आपली ताई!" मुलगी आतून धावत आली आणि तिच्या पायाला बिलगली. तिने तिला उचललं, तिचे तळहात उलटेसुलटे करून पाहिले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली धरले. मुलगी रडायला लागली. ती धूतच राहिली.

बाई मागच्या अंगणात गेल्या होत्या. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी मेथीच्या ओळींमध्ये यंत्र टेकवलं. मिनिट संपेपर्यंत आम्ही दोघी त्या छोट्या पडद्याकडे बघत होतो. आकडा आला. त्यांनी पाऊलभर पुढे जाऊन पुन्हा टेकवलं. पुन्हा आकडा. मर्यादेच्या कितीतरी पट. मी त्या दिवशी पुन्हा आठ नमुने घेतले, बाई माझ्या हाताकडे बघत असताना, आणि दोन बरण्यांची झाकणं मला नीट लागेनात, ती त्यांनी लावली. प्रयोगशाळेने आठवड्याभरात तेच सांगितलं, फक्त अधिक नेमकं.

निघताना ती पुन्हा दारात आली. डोळे पुसलेले. "उद्या सकाळी अपॉइंटमेंट मिळालीय. ह्यांना सुट्टी नाही मिळत. तुम्ही या."

"मी?"

"रक्त काढताना धरायला दोघं लागतात म्हणाले. एक मी. दुसऱ्या तुम्ही."

मी गेले. त्या छोट्या खोलीत वाटली तेवढी भीती मला कधीच वाटलेली नाही. मुलगी आईच्या मांडीवर होती, आणि तिचा उजवा हात नर्सने सांगितला तसा मी धरला होता, कोपराच्या वर आणि मनगटाशी. तो हात इतका मऊ होता, की दाबला तर मोडेल आणि सोडला तर सुई हलेल असं वाटे. पहिल्यांदा शीर मिळाली नाही. "सॉरी, स्वीटी," नर्स म्हणाली. दुसऱ्यांदा मिळाली. मुलगी मला ओळखत होती. ती ओरडत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या आईने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नर्सने बाटलीवर चिठ्ठी लावली, नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि कागदावर सही केली. मी रोज हेच करते. बाटली ट्रेमध्ये गेली.

निकालाला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत फोन वाजला की मी आधी नंबर बघे आणि मग श्वास घेई. एकदा दुकानात एक लहान मूल आईच्या हाकेला वळून बघत नव्हतं, तर मी तिथेच उभी राहून ते कधी वळतंय याची वाट पाहिली. वळलं. ते कुणाचं होतं मला माहीतही नाही.

ऑफिसात बाईंनी सगळं लिहून काढलं. माझी चूक, स्वतःची सही, माझे दोन दिवस, घरमालकांना काय कळवलं, पुढे काय करायचं. मला नोकरीवरून काढलं नाही. पुढचे सहा महिने एकटीने कुठल्याही जागेवर जायचं नाही एवढंच ठरलं. "चुका सगळ्यांच्या होतात," बाई म्हणाल्या, "पण ते दोन दिवस, ते पुन्हा नाही." मी त्यांची ऋणी आहे. घरमालकांनी उत्तरेच्या बाजूची माती काढून टाकली, नवी आणून घातली, भिंतीलगत फरश्या बसवल्या. मला पाहून ते म्हणाले, "मी धूळ केली, तू शोधलीस." मी सांगितलं की मी आधी ती शोधली नव्हती. त्यांनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं.

सहाव्या दिवशी मुलीच्या आईचा फोन आला. रक्तात शिसं होतं. जेवढं असायला हवं त्यापेक्षा जास्त, पण औषध द्यावं लागेल एवढं नाही. आरोग्य खात्यातून कुणीतरी येऊन घर पाहून गेलं होतं. मातीपासून दूर ठेवा, दूध आणि लोह असलेलं जेवण द्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. एवढं सांगून तिने फोन ठेवला.

त्या तीन महिन्यांत मी दर रविवारी तिला फोन केला. मुलगी कशी आहे, जेवते का, काय बोलते. ती उत्तरं द्यायची. छोटी, नीट. दोन शब्दांची वाक्यं बोलायला लागलीय. अमुक दात आला. मला वाटायचं, फोन करणं हे माझं कर्तव्य आहे. न करणं म्हणजे पळ काढणं.

दुसऱ्या तपासणीचा निकाल तिने फोनवर सांगितला. संध्याकाळची वेळ, मागे मुलीचा आणि कुठल्याशा कार्टूनचा आवाज.

"कमी झालंय," ती म्हणाली. "पहिल्यापेक्षा बरंच. अजून एकदा बघतील, पण डॉक्टर म्हणाले, काळजी करण्यासारखं नाही आता."

"देवाची कृपा," मी म्हणाले.

"हो."

"ती बोलते का आता जास्त?"

"बडबड करते दिवसभर." तिने कार्टूनचा आवाज कमी केला. "ताई, एक सांगू? वाईट नका वाटून घेऊ."

"सांगा ना."

"मी तुमच्यावर रागावलेली नाहीये आता. खरंच नाही. तुम्ही येऊन सांगितलंत, दुसऱ्या कुणी सांगितलंही नसतं, असं हे पण म्हणतात. पण रविवारी तुमचा नंबर दिसला ना, की आता काय सांगतायत असं होतं. प्रत्येक वेळी. मी आधी तिला उचलून घेते आणि मग फोन घेते."

मागे मुलगी काहीतरी म्हणाली. ती तिला म्हणाली, "आले, आले."

"तर तुम्ही फोन नका करू," ती मला म्हणाली. "काही झालं तर मी करेन."

"बरं," मी म्हणाले. "नाही करत."

तिने केलेला नाही. मीही नाही. रविवार येतो तेव्हा मी स्वतःला हेच सांगते की तिचा फोन नाही म्हणजे सगळं ठीक असणार.